कोपरापर्यंत

मुलाच्या बापाने फोनवर आधी शालोम केलं,
मग हवापाण्याचं, मग अडखळत विचारलं:
काका, हत्यारं तुम्ही उकळता
की ऑटोक्लेव्ह करता?

मी फोन ठेवून दिला.
एकोणपन्नास वर्षं, रास्ता पेठेपासून खडकीपर्यंत
एवढ्या पोरांच्या सुनता केल्या या हातांनी,
पण असं कुणी विचारलं नव्हतं.

रागारागाने पेटी काढली.
आत निळी मखमल, आजोबांच्या वेळची.
पात्याला अजून अशी धार की
उजेडसुद्धा जपून उतरतो त्यावरून.
मखमलीवर मात्र एक डाग.
दरवेळी पाहतो
आणि दरवेळी गंज म्हणतो.

गंज नाही तो.
अठ्ठ्याहत्तर साल, शेलोमो नागावकरचा धाकटा.
चारला पट्टी बांधली, पाचला भिजली,
सहाला पुन्हा.
नाना पेठेतून ससूनपर्यंत रिक्षात
मी दोन बोटांनी दाबून धरलं होतं,
आणि त्याची आई, बाळंतीण, शेजारी बसून
एकच शब्द: थांबलं?
थांबलं?

थांबलं, पहाटे. पोरगा वाचला.
मग कळलं, तिचा एक भाऊ
दुधाचा दात पडला तेव्हा गेला होता.
मी विचारलंच नव्हतं.
विचारायचं असतं. आमच्या शास्त्रात आहे,
एका आईचे दोन मुलगे असे गेले
तर तिसऱ्याला पातं लावू नये.
केवढ्या जुन्या काळी कुणीतरी
आयांची रडणी ऐकून लिहिलेलं,
आणि मला ते पाठ होतं.
नुसतं पाठ होतं.

परत फोन मीच केला.

डॉक्टर नसरीन बागवान, भवानी पेठ, दुसरा मजला.
दर रविवारी तिच्याकडे खतन्याची रांग.
म्हणाली, आमच्याकडे खलिफा यायचे, काका,
वस्तरा, चुलीतली राख, आणि
वर बघ चिमणी, असं म्हणायचे.
माझा भाऊ अजून चिमणीला भितो.
मी हसलो. ती हसली नाही.
तिने मला घड्याळ काढायला लावलं,
अंगठी काढायला लावली, आणि
नखांखालून सुरुवात करून
कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं,
मला, पंचाहत्तरीच्या माणसाला.
आम्ही जेवणाआधी मनगटापर्यंत धुतो, मी म्हटलं.
मग पुढचं अर्धं माझ्याकडून, ती म्हणाली.

माझी पाती तिच्या डब्यात गेली.
बाहेर आली तेव्हा डब्यावरच्या टेपला
काळे पट्टे उमटले होते.
मखमल मी घरी येऊन उसवली.

आणि आठवा दिवस उजाडला.
अलिबागहून आत्या, अहमदाबादहून मामा,
भिजवलेल्या काळ्या मनुकांचा रस गाळून तयार,
मलिद्याचे पोहे, खोबरं, सुपारीएवढी लाडकी केळी,
एलियाहू हन्नबीची खुर्ची पांढरी चादर घालून मांडलेली.
मी बाळाला खिडकीपाशी नेलं.
नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं, सोडलं.
पिवळं.
पायाचा तळवा दाबला. तोही पिवळा.

आज नाही, मी म्हटलं.

आत्या म्हणाली, आठवा म्हणजे आठवा.
मामाने परतीचं तिकीट दाखवलं.
कोणीतरी पुटपुटलं, म्हातारा घाबरला.
घाबरलोच होतो. एकोणपन्नास वर्षांत
पहिल्यांदा वेळेवर.
डॉक्टरला फोन लावला, तिने रक्त तपासायला सांगितलं,
आणि आईला मी विचारलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने:
तुझ्या भावांना, मामांना कधी
रक्त न थांबल्याचं ऐकलंयस?
ती विचार करत राहिली.
कुणी घाई केली नाही तिला.

मलिदा वाटला. लोक गेले.
खुर्ची उचलू का, बापाने विचारलं.
राहू दे, म्हटलं.
हन्नबी थांबेल,
त्याला सवय आहे.

मग मोरीत जाऊन
काही काम नसताना
मी हात धुतले.